हात लावू नये

तीर्थरूप आईस,
धाकटीचा इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवते वेळेवर. आमच्या चित्रशाळेत आता चाळीसजण येतात, चाकाच्या खुर्चीवरचेही. 'कोणीही या' असं दारावर मीच रंगवलंय.

परवा आमचं प्रदर्शन होतं. जन्मभर शिवणकाम केलेल्या एक बाई आमच्याकडे येतात. आता त्यांना अजिबात दिसत नाही, म्हणून त्या पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून चित्रं करतात. त्या आपलंच चित्र चाचपत होत्या, तेवढ्यात वॉचमन ओरडला, "बाई, पाटी वाचता येत नाही का?"

"नाही हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "काय लिहिलंय?"

'हात लावू नये.' तीही पाटी मीच रंगवलेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

पाटी काढली. मग मीही डोळे मिटून त्यांचं चित्र चाचपलं आणि म्हटलं, "वळणावळणाचा रस्ता." त्या हसल्या. ती त्यांच्या लेकीची वेणी होती. तेव्हापासून बोटांना काय काय दिसत असेल, हेच डोक्यात घोळतंय.

तुझ्या डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले? दादा फोनवर नुसतं 'ठीक आहे' म्हणतो. तू भरतकाम सोडलंस, हे मला वहिनीकडून कळलं.

सोबत मी केलेलं सुतळीचं चित्र आहे. दादा, हे पत्र तूच आईला वाचून दाखवतोयस, ठाऊक आहे मला. चित्र तिच्या हातात दे आणि कशाचं आहे ते सांगू नकोस. तिलाच तुला सांगू दे.

तुम्हा दोघांची,
धाकटी