पौषातली खिडकी

पौष शुद्ध पंचमी, गुंद

आज ठरवलंच. नवी खिडकी उद्या मीच बसवणार.

चूक माझीच. वाळवीनं खाल्लेली जुनी खिडकी मार्गशीर्ष सरता सरता सुताराला काढू दिली. नवी चौकट तयारच होती, पण तो आपल्या मळणीला गेला आणि परतला तोवर पौष लागला. "आता माघात बघू," म्हणाला. चौकट पडवीत उभी आहे, तिच्यात कोंबडी बसते. भिंतीच्या भोकाला गोणपाट. रात्रभर वारा आत येतो, सासूबाईंचा खोकला थांबत नाही. आणि पौषात नको म्हणून अडून बसल्यात त्याच!

"पौषात चौकट बसवली नि घरातलं कोण गेलं तर?" म्हणाल्या.

"आणि तुम्हीच थंडीनं गेलात तर?" माझ्या तोंडून निघून गेलं. असं बोलायला नको होतं. पण खोटं काय बोलले?

हे लाकूडतोडीला जंगलात, महिनाभर यायचे नाहीत. विचारू कुणाला? माती मळून ठेवली. शेजारची गंगाक्का चौकट धरायला येते म्हणाली, तिला पौषाचं भय नाही. मला आहे? थोडं आहे. तरी बसवणारच.

दिवेलागणीला पडवीत गेले तर सासूबाई कोंबडीला हुसकून चौकट पुसत होत्या. हळदकुंकवाची वाटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या मी दिवसभर परसात उन्हाला बसते. मला काय दिसलं न्हाई म्हणजे झालं."