दोराचं मोकळं टोक

४ मार्च, मंगळवार

चावली! डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, चांगले दोन दात. म्हणजे नेमका माझा कामाचा हात. मांजरीचा काही दोष नाही — टॉवेलात गुंडाळताना तिचा पुढचा एक पाय बाहेर राहिला, एवढंच. सव्वीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात जनावरं धरतेय आणि आज नवशिक्यासारखी फजिती! डॉक्टरीणबाई जखम धुताना म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे तुमचं?"

लक्ष घरी आहे. रविवारी दादा येणार आणि अप्पांना कायमचं स्वतःकडे नेणार. त्याआधी त्यांना एक गोष्ट सांगायची आहे. छत्तीस वर्षं गिळून बसलेय. अप्पांचं विसरणं वाढत चाललंय. आता नाही सांगितलं तर मग सांगून उपयोग काय?

५ मार्च

नाही सांगितलं. चहा दिला. तीन बोटांच्या हाताने कप धरून मिटक्या मारत प्यायले. धीरच झाला नाही.

६ मार्च

आज पोपट आला होता, नखं कापायला. मी धरला आणि कानात अप्पांचाच आवाज — "पाखराची छाती दाबायची नाही. छाती हलली नाही तर श्वास नाही. मान दोन बोटांत, अंग तळहातात. धर, पण दाबू नकोस."

अप्पा याच दवाखान्यात जनावरं धरायचे. शाळेला सुट्टी असली की मी त्यांच्या मागे. जंतुनाशकाचा आणि ओल्या पेंढ्याचा तो वास! जनावराला हात लावण्याआधी ते त्याच्याशी बोलायला लागायचे. आणि बोलायचे काय, तर घरातल्या भानगडी. कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधताना म्हणायचे, "काय सांगू राजा, आज पुन्हा दूध उतू गेलं, आमच्या घरात महायुद्ध!" कुत्रा कान टवकारून ऐकायचा. तोवर सुई टोचून झालेली असायची. हे आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे गावभरच्या कुत्र्यांना माझी अब्रू ठाऊक!"

मला 'डावरे' म्हणायचे. डावखुरी म्हणून. "डावरे, तू दुसऱ्या बाजूने धर. जोडी छान जमते आपली." किती मोठं वाटायचं मला!

७ मार्च

लिहूनच टाकते.

मी अकरा वर्षांची होते. दवाखान्याच्या मागच्या आवारात एक लाल घोडी आली होती. तिच्या पायाला जखम होती. अप्पा म्हणाले, "आज तू बांध गं, डावरे."

घोड्याची गाठ एका ओढीत सुटली पाहिजे. दोराचं मोकळं टोक ओढलं की संपलं. जनावर बिथरलं तर लगेच सोडता यायला हवं ना! पण तेच टोक चुकून फासातून आरपार ओवलं की गाठ मेली, मग बसा ओढत.

मी बांधली. मोठ्या ऐटीत मागे जाऊन उभी राहिले. तेवढ्यात छपराचा एक पत्रा धाडकन खाली आला. घोडी उधळली. अप्पा धावले, टोक ओढलं — सुटली नाही! पुन्हा हात घातला, तोवर दोर ताणला गेला आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यात गेली.

मी टोक आरपार ओवलं होतं का? आठवत नाही. किती वेळा आठवून पाहिलं! ओवलंच असणार. नाहीतर सुटली का नाही?

अप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "चूक माझी." आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाप तुझ्यावर पांघरूण घालतोय. विसरू नकोस." कशी विसरेन? एका शब्दाने रागावले नाहीत. फक्त हात बरा झाल्यावर रोज संध्याकाळी मला आणि दादाला घेऊन बसायला लागले. खुर्चीच्या पायाला दोर बांधायचा. "बांध. सोड. पुन्हा." स्वतःही बांधायचे. दादा जांभया द्यायचा. आई आतून ओरडायची, "ताटं वाढलीत, घोडे सोडा आता!"

ती माझी शिक्षा होती, हे मला कळत होतं. तरी आज त्यातली एक संध्याकाळ मिळाली तर काहीही देईन.

८ मार्च

अप्पांची बॅग भरली. त्यांनी मला दोनदा 'ताई' म्हटलं. म्हणजे त्यांची बहीण, जी जाऊन दहा वर्षं झाली.

उद्या. दादा यायच्या आत. बस्स!

९ मार्च, रविवार

सांगितलं. म्हटलं, "अप्पा, ती गाठ मी चुकवली. तुमची बोटं माझ्यामुळे गेली." आणि रडायलाच लागले.

अप्पा हसले! "अगं वेडे, गाठ तुझी झकास होती. पण तू डावरी. तुझं मोकळं टोक डावीकडे लोंबायचं. मला ठाऊक होतं, पण घाईत विसरलो. सवयीने उजवीकडचा दोर ओढला, घोडीकडचा. ओढीन तेवढी घट्ट!"

"मग रोज संध्याकाळी आमच्याकडून..."

"तुमच्याकडून कुठे? सराव माझा होता! तीन बोटांनी जमत नव्हतं. एकट्याने बसायची लाज वाटायची." मग जरा चिडूनच म्हणाले, "पहिल्या दिवसापासून सांगतोय, चूक माझी. कुणी ऐकेल तर शपथ! उगाच देवमाणूस करून ठेवलंत मला."

अकरा वाजता दादा त्यांना घेऊन गेला. घर खायला उठलंय. मघाशी खुर्चीच्या पायाला दोर बांधून पाहिला.

टोक डावीकडेच येतं.