समांतर पत्रिकेचा खुलासा

मु. पो. मिरजगाव

वडीलधारे छगनराव पाव्हणे यांना सहादेवचा वाकून नमस्कार. गुडघा आता कसा आहे? श्रीरामपूरचा तो तेलवाला अजून येतो का? आमच्याकडे सगळे क्षेम आहे, म्हणजे तुमची बहीण माझ्याशी बोलत नाही एवढे सोडले तर. फोनच केला असता, पण तुम्ही उचलत नाही, म्हणून लेखणी उचलली.

गावातले अर्ज, निमंत्रणे, श्रद्धांजल्या आणि साप्ताहिकातल्या बातम्या मीच लिहितो, हे तुम्ही जाणताच. 'समांतर' हा शब्द मला कुठे भेटला ते आठवत नाही, पण एकदा हाती लागला तो सुटेचना. कालव्याला समांतर रस्ता, इथवर ठीक होते. मग यात्रा कमिटीतून फुटलेल्यांनी समांतर यात्रा भरवली (तमाशेही समांतर, एकाचे गाणे दुसऱ्याला ऐकू येईना). मग कुणाची नात शिक्षण आणि कबड्डी समांतर सांभाळू लागली. मुक्ताबाईंचे मालक वारले तेव्हा 'उभयतांचे जीवन अखेरपर्यंत समांतर चालले' असे मी भरल्या अंतःकरणाने लिहिले, तर त्या दारात येऊन म्हणाल्या, "म्हंजे आमी काय एकमेकांकडं बघितलंच न्हाई व्हय?" चहा पाजून त्यांना वाटेला लावावे लागले.

अशा माणसाने आपल्या लेकीच्या, संस्कृतीच्या, लग्नाची पत्रिका दुसऱ्याला कशी लिहू द्यावी? आमचे थोरले बंधू गोरक्षनाथ म्हणाले, चुलत्यांची नावे वर पाहिजेत. पंकजा म्हणाली, माझ्या भावाचे नाव खाली गेले तर मी मांडवात पाय ठेवणार नाही. मी म्हटले, वर नको, खाली नको, दोन समांतर रांगा करू : डावीकडे चुलते, उजवीकडे मामा. दोघांनीही माना डोलावल्या (तेवढा एक दिवस मी सुखाने जेवलो). पण आमची भावकी केवढी! डावी रांग पार तळाला टेकली आणि उजवीकडे तुम्ही एकटेच वर टांगल्यासारखे दिसू लागलात. छापखान्याला कळवले, रांगा समांतर दिसल्या पाहिजेत, जागा भरून काढा. त्या भल्या माणसाने उजवीकडे वर 'किलबिल' असा मथळा दिला, त्याखाली घरातल्या पोरांची नावे टाकली आणि तुम्हाला सरकवून त्यांच्या खाली नेले. त्यामुळे फौजदारकीतून निवृत्त झालेले, मिशीवाले छगनराव आता गोलू, पिंकी आणि छकुली यांच्याबरोबर 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' म्हणत आहेत. हे दिसेपर्यंत पत्रिका वाटून झाल्या होत्या.

तुम्ही 'किलबिल लग्नाला येणार नाही' असा निरोप धाडलात. रागावणारच तुम्ही. पण काल गोरक्षनाथ म्हणाले, "मामा न्हाई आला तर काय झालं? नवरीला मांडवात आनायला समांतर मामा उभा करू. आपला भावकीतला वाल्मिक हाय की." माझा शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मला पहिल्यांदाच त्याची चीड आली. तेवढ्यात संस्कृती आतून आली आणि म्हणाली, "मामा एकच हाय. ते आले न्हाई, तर मी खोलीतून बाहेर यायची न्हाई." पाव्हणे, ही पोरगी तुमच्या अंगाखांद्यावर वाढली. तिचे डोळे भरले होते. असो. पत्र लिहिण्याचा हेतू केवळ ख्यालीखुशाली कळवणे हाच.

मुलांना आशीर्वाद.

आपला,
सहादेव

ता. क. लग्न रविवारी आहे. आमचा शेजारी सुनील गाडी घेऊन तिकडे येतो आहे, पत्र तोच देईल. परतताना त्याच्याबरोबर बसून यावे. गुडघ्यासाठी पुढची सीट सांगून ठेवली आहे.

ता. क. आणखी एक. साप्ताहिकात तुमच्याविषयी खुलासा दिला आहे : 'वधूचे मामा हे किलबिल नसून किलबिलीस समांतर आहेत.' अंक शुक्रवारी तुमच्याकडे पोचतो. शक्यतो त्याआधी निघावे.

ता. क. दादा, मी पंकजा. ह्यांनी एवढं लांबड लावलं, पन 'माझं चुकलं' हे कुठंच लिहिलं न्हाई. मी शोधून बघितलं. चुकलं ते ह्यांचंच. सुनीलच्या गाडीत मी आनि संस्कृती दोघीबी आलोय. तुजं वाचून हुईस्तवर आमी बाहेर दारातच उभ्या हाय. पयली कडी काढ.