यंदा तारा दिवाळीतच लागला

बाबा, यंदा आपल्या घरावरचा तारा वसुबारसेच्या संध्याकाळीच लागला. नाताळाआधीच्या चार आठवड्यांचा, आगमनाचा पहिला रविवार अजून कितीतरी लांब होता. तुम्ही असता तर तो तिथल्या तिथे उतरवून मला पवित्र शास्त्रातला एखादा लांबलचक उतारा वाचायला बसवलं असतं. आणि ऐका, तारा तुम्ही बांधायचात तसा कामट्यांचा नि पतंगी कागदाचा नाही, विकतचा. मोताळ्याच्या बाजारात दिवाळीच्या कंदिलांमध्ये लटकत होता. दुकानदार म्हणाला, "ताई, चांदणी न्या, यंदा चांदणीच चालू हाय." म्हणजे आपला बेथलेहेमचा तारा यंदा लक्ष्मीपूजनाच्या मालातून आला. गल्लीत कुणाच्या लक्षातही आलं नाही. प्रत्येक दारावर काहीतरी पेटलेलंच होतं.

हेच तर तुम्हाला नको होतं. चर्चमध्ये पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे, उरलेल्या रविवारची उपासना तुमची, आणि मंडळीचा नाताळ कधी सुरू होणार हेही तुम्हीच ठरवायचात. आगमनाच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की तारा. त्याआधी घरात नाताळचं गाणं गुणगुणलं तरी तुम्ही खाकरायचात. "वाट पाहणं हाच अर्धा सण आहे," हे व्यासपीठावरचं मराठी. घरातलं वेगळं होतं. "दिवाळीत तारा लावला तं लोक म्हणतीन, देव बदलला पण कंदील काही सुटला नाही!" तुमच्या आजोबांनी धर्म बदलला तेव्हा गावानं जे ऐकवलं, ते तुम्ही दोन पिढ्यांनंतरही फेडत होतात, आपलं दार अंधारात ठेवून. शेजारचे गादीवाले चाचासुद्धा दिवाळीत दुकानावर रंगीत माळ सोडायचे, थंडीच्या तोंडावर गिऱ्हाईक येतं म्हणून. सबंध गल्लीत एक आपलंच घर काळं.

आई दरवर्षी विचारायची. भांडून नाही, तुम्हाला ताट वाढता वाढता, भाजीत मीठ बरोबर आहे का विचारावं तसं. "यंदा थोडा आधी लावू का तारा?" तुम्ही "नाही" म्हणायचात आणि भाकरी मोडायचात. मग एका वर्षी उपासनेनंतर चारजणं चहाला बसलेली असताना तिनं विचारलं, आणि तुम्ही कप खाली ठेवून म्हणालात, "हिच्या हातात कारभार दिला तं हे सातव्या महिन्यातच बारसं उरकून टाकीन!" ओसरी हसून हसून लोटपोट झाली. मीही हसले. आईसुद्धा हसली, पदर तोंडाला लावून, आणि रिकामे कप घेऊन आत गेली. त्यानंतर तिनं कधी विचारलं नाही. लोक मला विचारतात, ही जीभ कुठून आली. पेपरातलं माझं तिरकस सदर वाचून शिव्या देणारेही विचारतात. मी तुमचं नाव सांगते. अडचण अशी की ते वाक्य चांगलं होतं, बाबा. अजूनही चांगलं आहे. पुष्कळदा वाटतं, तुम्ही थोडे कमी हुशार असता तर आईला आणखी दोन-चार वर्षं विचारता आलं असतं.

आता ती पुन्हा विचारते. गेल्या काही वर्षांत तिच्या डोक्यातून बरंच निसटलं. कधी मी तिची मुलगी असते, कधी नणंद. तुमचं जाणं तर पार पुसलं गेलंय. तुम्ही सतत कुठेतरी जवळच असता, बाजारात नाहीतर मंडळीत. वसुबारसेला ओट्यावर बसली होती. समोरच्या दारात पणत्या लागत होत्या. म्हणाली, "काऊन वं, सगळ्यायच्या घरी उजेड पडला. आपला तारा कधी लावशीन?"

"नाताळले," मी म्हटलं.

"यायले इचारून पाह्य ना. यंदा हो म्हणतीन ते."

मी आत गेले. तुमच्या खोलीत आता गव्हाची कोठी आहे. तिच्यापाशी जरा वेळ उभी राहिले, जणू विचारतेच आहे, आणि बाहेर येऊन म्हटलं, "हो म्हणाले."

तिनं माझ्याकडे जे पाहिलं, तसं खोटं पकडणारं पाहणं तिला अजून जमतं. "कसे म्हणाले?"

सदरात नकला करणं हाच माझा धंदा आहे. पुढाऱ्यांच्या, साहेबांच्या, महाराजांच्या, कुणाचाही आवाज सांगा. तुमचा तर घरचाच. तुमचं "नाही" मी झोपेतही काढून दाखवीन, खाकरण्यासकट. पण त्या आवाजात "हो" कसा लागतो, ते मला ठाऊकच नव्हतं. कधी कानावर पडलाच नाही. शेवटी माझ्याच आवाजात, घाईघाईत म्हटलं, "लाव म्हणाले. एवढंच."

"हाव," आई म्हणाली, "ते बोलतातच कमी."

मग मी बाजार गाठला. तारा लागला तेव्हा आईनं खुर्ची ओढून अगदी त्याच्याखाली घेतली आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आमच्या इथला नाताळ चालू झाला." लोक म्हणाले, "हो काकू, दिवाळीच्या शुभेच्छा!" तिला दोन्ही चाललं. मला वाटलं, मिटलं. पण सकाळी उठून तिनं तारा पाहिला आणि घाबरून माझा दंड धरला. "हा कोणं लावला? त्यायनं पाह्यलं तं?" पुन्हा तुम्हाला विचारावं लागलं. पुन्हा तुम्ही हो म्हणालात. तेव्हापासून रोज म्हणता. सबंध संसारात जे एकदाही जमलं नाही ते आता चहाच्या आधी करता, आणि ते तिच्याजवळ दुपारपर्यंतही टिकत नाही.

हे तुम्हाला कळवायचं होतं. कळवण्यासारखं ठिकाण नाही, म्हणून कागदावर. आई आत हाका मारते आहे, बहुतेक त्याचसाठी. जाऊन सांगेन, हो म्हणाले. तुम्ही खरंच म्हणाला असता असं मात्र, बाबा, मला अजूनही वाटत नाही.