डाव्या हाताची भाकरी

आप्पा,

आई म्हणाली, "मला काय ठाऊक, त्येंनाच इचार." म्हणून विचारायला बसलेय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर मला आता थोडं थांबावं लागतं. तुमच्याकडून उत्तर येणार नाही हेही कळतं. पण गेल्या महिन्यापासून डोक्यात जो गुंता झालाय, तो दुसऱ्या कुणाला सांगितला तर माणूस आधी माझ्याकडेच संशयानं बघेल.

तुम्ही काढलेली ती चुलीपुढची बाई आठवते? मुंबईत सिनेमाच्या आधी दाखवायच्या जाहिरातींची कार्टून काढायचं काम सोडून तुम्ही सोलापूरला परत आलात, आणि चादरीच्या कारखान्यात नक्षी काढायला लागायच्या आधी जे रिकामे महिने गेले, त्यात तुम्ही ती काढलीत. लाकडी खोक्यात बल्ब, वर खिडकीची जुनी काच, काचेवर कागद, त्या कागदावर दुसरा कागद. खालची रेघ वर दिसायची आणि तुम्ही ती केसभर पुढं सरकवायचात. बाई पिठाचा उंडा हातावर घेते, परातीत ठेवते, थापते, भाकरी गोल फिरते. मग कागदांचा गठ्ठा अंगठ्याखालून सोडला की ती खरंच थापायला लागायची. मी पहिलीत असेन. शाळेतून आले की दप्तर टाकून आधी तो गठ्ठा हातात घ्यायचे. एकदा एका कागदावर बाईच्या कपाळावरचं कुंकू मला वाकडं वाटलं म्हणून मी खोडरबर घेतलं, तर तुम्ही माझं मनगट धरलंत. "खोडायचं न्हाई. चुकलं तर दुसरा कागद घ्यायचा. ह्यो तसाच ठेवायचा." ओरडला नव्हतात, पण तुम्ही इतक्या जोरानं मला कधी धरलं नव्हतं, म्हणून मी रडले होते.

ती बाई म्हणजे आई, हे मी तेव्हापासून धरूनच चालले होते. ते कागद घरात कधी लपवलेले नव्हते. माझ्या लग्नानंतर पुण्याला माझ्याच कपाटात आले. मी काय काम करते हे तुम्ही अर्धवटच पाहिलंत. मी कॉम्प्युटरवर चित्रं हलवते. दातातले किडे, हसणारे ट्रॅक्टर, उसावर नाचणाऱ्या अळ्या, ज्याचे पैसे मिळतील ते. मागच्या वर्षी आईचे गुडघे फारच धरले म्हणून मी काम घेऊन सोलापूरला राहायला आले, आणि तिला रोज दुपारी भाकरी करताना बघून मनात आलं की एकदा तरी कुणाच्या जाहिरातीसाठी नाही असं काहीतरी करावं. छोटीशी फिल्म. कल्पना साधी होती. एकच चूल, तिच्या एका बाजूला तुम्ही काढलेली तरुण आई, कागदावरची, पेन्सिलीच्या रेघांसकट. समोर आजची आई, कॉम्प्युटरमध्ये घडवलेली, सुरकुत्या, पांढरा अंबाडा, ढिल्या झालेल्या बांगड्या. दोघी भाकऱ्या थापतात. बोलत नाहीत. तरुण बाई तव्यावर टाकते, म्हातारी उलटते. एवढंच.

सबंध उन्हाळा मी त्यात घातला. तुमचा एकेक कागद यंत्रात धरून कॉम्प्युटरवर उतरवला. आईचे हात मोबाईलवर चित्रित केले. ती म्हणायची, "अगं, पीठ वाळाय लागलं, किती बगतीस?" चूल, परात, मागची पत्र्याची डबेमांडणी, भिंतीवरची काजळी, सगळं मी आठवून बांधलं. ते वर्ष माझ्या डोक्यात अगदी स्वच्छ होतं. आई चुलीपुढं बसलेली, खिडकीतून तिच्या खांद्यावर ऊन आलेलं, मी उंबऱ्यात बसून पहिल्या भाकरीची वाट बघतेय. तुमचे कागद आणि माझी आठवण इतकी जुळत होती की मला कुठं अडावंच लागलं नाही.

इथल्या एका कलाकेंद्रात ती दाखवायचं ठरलं. त्याच्या आधल्या आठवड्यात जेवणं झाल्यावर मी ती घरच्या टीव्हीवर लावून आईला दाखवली. ती भिंतीला टेकून, पाय लांब करून बसलेली. म्हातारी पडद्यावर आली तशी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "ही मी हाय. हात बग की, माजंच." मला बरं वाटलं. मग मी समोरच्या तरुण बाईकडे बोट केलं आणि म्हटलं, "आणि ही पण तूच." आई पुढं झुकली. चष्मा पदरानं पुसला. पुन्हा बघितलं.

"ही मी न्हाय."

"आई, आप्पांनी काढलंय. तुझंच आहे."

"न्हाय गं. ही डाव्या हातानं थापती. मी कदी डाव्या हातानं थापली? आन् तोंड बी माजं न्हाय."

एवढं बोलून ती उठली आणि लसूण सोलायला बसली. मी टीव्ही तसाच थांबवून ठेवला. खरंच, आप्पा, ती बाई डावखुरी होती. उजवा हात भाकरीची कड सांभाळतोय आणि डावा थापतोय. इतकी वर्षं मी तो गठ्ठा फिरवत आले, उन्हाळाभर एकेक रेघ मोठी करून पाहिली, आणि मला हे दिसलं नव्हतं.

पुढचे काही दिवस माझे फार वाईट गेले. मनात येऊ नये ते आलं. मुंबईत तुम्ही एकटे राहायचात. तिथं कुणाच्या तरी खोलीत चूल असेल, कुणीतरी डावखुरी असेल. मग वाटायचं, असं असतं तर तुम्ही ते कागद माझ्या हातात दिले असते का? आणि लगेच वाटायचं, पहिलीतल्या पोरीला काय कळणार म्हणून दिलेही असतील. आईकडे बघायची हिंमत होईना. तिचं मात्र रोजचं चालू होतं. ज्वारी पाखडायची, टीव्हीवरचं कीर्तन ऐकायचं, गुडघ्याला तेल लावायचं. तिला वाईट वाटलंय की काही वाटतच नाही, हेही मला उमगेना. कलाकेंद्रात फोन करून फिल्म मागं घ्यावी असं दोनदा मनात आलं आणि दोन्ही वेळा मी फोन खाली ठेवला. कारण काय सांगणार होते?

शेवटी मी ठरवलं की निदान हात तरी सुधारू. तुमची चित्रं आरशासारखी उलटवायची, म्हणजे डाव्याचा उजवा होईल. कॉम्प्युटरला हे एका क्षणाचं काम. उलटवली, आणि थापणारा उजवा हात मोठा करून बघितला, तर करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वाकलेली. ती मी आधीही पाहिली होती, पण तिथं तुमची रेघ घसरली असेल असं समजून सोडून दिलं होतं. उजव्या हातावर आल्यावर मात्र ती करंगळी कुणाची हे सांगायला कुणी लागलं नाही. लहानपणी सायकलच्या चेनमध्ये सापडलेली तुमची उजव्या हाताची करंगळी. तुम्ही माझं मनगट धरलंत तेव्हा तीच तेवढी बाहेर राहिली होती.

मी तशीच आईकडे गेले. "आई, हे हात आप्पांचे आहेत. आरशात बघून काढलेत त्यांनी."

ती ज्वारीतले खडे वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "आसतील. तवा भाकरी तेच करायचं की."

"तेव्हा म्हणजे?"

"मी मंगळवेड्याला व्हते तवा."

मंगळवेढा म्हणजे आईचं माहेर. आजी आजारी होती म्हणून आई थोडे दिवस तिकडं होती, असं मी ऐकून होते. थोडे दिवस म्हणजे चार-सहा, असं मला वाटायचं. आईनं सुपातली ज्वारी पसरली आणि सांगितलं ते असं, की आजी धडधाकट होती. तुम्ही कुणाला न विचारता मुंबईचं काम सोडून आलात, दिवसभर त्या काचेवर ओणवे बसायचात, विचारलं तर बोलायचा नाहीत. एका दुपारी तिनं ताट आपटलं आणि एसटी धरली. पावसाळा सरून ज्वारीची पेरणी झाली तरी ती परत आली नव्हती.

"मग मी? मला का नेलं नाहीस?"

"न्यायला आलते की. तू आली न्हाईस. कागदं सोडंनास. म्हनलीस, आई हितंच हाय."

आप्पा, हे मला आठवत नाही. काही म्हणजे काहीच आठवत नाही. मी तिला विचारलं, मग तू परत कशी आलीस? ती म्हणाली, "आले आपली. आले तवा त्येंनी ताट वाडलं. भाकरी लई जाड व्हती, पन कच्ची नव्हती." आणि थोड्या वेळानं, "तवा म्हनले व्हते, तुजंच चित्र काडलंय, बग. मी न्हाय बगितलं. रागात व्हते." मी विचारलं, हात आप्पांचे, मग तोंड कुणाचं? तेव्हा ती बोलली ते वाक्य, जे मी अगदी सुरुवातीला लिहिलंय, "मला काय ठाऊक, त्येंनाच इचार." मग उठता उठता म्हणाली, "का तेवड्यात इसरलं व्हतं माजं तोंड?" तिचा आवाज चिडलेला होता की खरंच विचारत होती, ते मला कळलं नाही.

म्हणजे मी आईपुढं आईला बसवलं असं समजत होते आणि तुम्हाला बसवलं होतं. हिरव्या बांगड्या घालून, डोक्यावर पदर घेऊन. मी चित्रं पुन्हा पहिल्यासारखी केली. काही बदललं नाही. त्या रविवारी आईला इरकली नेसवून कलाकेंद्रात घेऊन गेले. पहिल्या रांगेत बसली. फिल्म संपल्यावर लोक टाळ्या वाजवत होते, आणि मागच्या खुर्चीवरच्या बाई वाकून तिला म्हणाल्या, "मावशी, त्या दोन्ही तुमीच ना? लई गोड दिसत व्हता तरुनपनी."

आई वळली. "व्हय," ती म्हणाली. "मीच."

रिक्षात मी तिला विचारलं, असं का सांगितलंस? ती बाहेर बघत होती. "मग काय सांगू? बांगड्या घालून माजा नवरा बसलाय म्हनू?" आणि तोंडाला पदर लावून हसली. घर येईपर्यंत हसत होती. उतरताना मात्र माझा हात धरून पायरीवर थोडी थांबली, आणि गुडघ्यामुळं थांबलीय असं मी धरून चालले.

मला स्टेजवर बोलायला लावलं होतं. एकानं विचारलं, इतका बारकावा कसा आठवला? मी म्हणाले, ते वर्ष माझ्या डोळ्यांसमोर आहे. आई चुलीपुढं, खांद्यावर ऊन. बोलताना मला ते खरंच दिसत होतं. ती तिथं नव्हती हे कळल्यावरही दिसत होतं, अजून दिसतं. तुम्ही आरसा लावून चुलीपुढं बसलेले मी आठवायला जाते तर नुसता धूर. त्या भाकऱ्या मी खाल्ल्या असणार. जाड असतील. एकीचीही चव जिभेवर नाही. तुम्ही ती बाई काढलीत ती आईची आठवण यायची म्हणून, की माझ्यासाठी, म्हणजे मी रडू नये म्हणून? आणि तोंड तसं का केलंत? विसरलात, की रागानं मुद्दाम वेगळं केलंत, की दुसरंच कुणी मनात होतं? आईला यातलं काय झालेलं चालेल तेही मला ठरवता येत नाही. मला काय चालेल, तेही नाही.

एक गोष्ट राहिली. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी आई देवळात गेली होती, तेव्हा मी तिचा लग्नातला फोटो काढला आणि त्यावरून त्या बाईचं तोंड बदललं. नाक, हनुवटी, भुवया, सगळं बरोबर, सगळं आईचं. मग फिल्म लावली. चुलीपुढं कुणीतरी परकी बाई बसलेली वाटली. मी ते पुसून टाकलं आणि तुमचंच ठेवलं. आईला हे सांगितलेलं नाही.