अकरा दिवसांचा पूर्वज

नॉरिच,
११ मार्च १९८६

प्रिय मेव्हिस आत्या,

तुझा फळांचा केक पोचला. अर्धा मी खाल्ला आणि अर्धा घरमालकीणबाईंना दिला, म्हणजे माझ्या आंघोळीच्या गरम पाण्यावरून त्यांची कुरकुर आठवडाभर तरी थांबेल. कॉलेज ठीक. तुझा गुडघा कसा आहे?

वंशवृक्षाचं काम उत्तम चाललं आहे.

वरचा 'उत्तम' खोडायला हवा, पण कागद चांगला आहे, म्हणून राहू दे.

आजोबांच्या आठवणीसाठी बनवलेल्या नव्या बाकावर सुतार गुरुवारी अक्षरं कोरणार, असं तू लिहिलं होतंस. 'सर एडमंड यांच्या वंशातील अल्बर्ट स्नेलिंग यांच्या स्मरणार्थ.' गुरुवारीच ना? अगदी सकाळी नव्हे ना?

शनिवारी मी जिल्ह्याच्या दप्तरखान्यात गेले होते. तिथे पेन नेऊ देत नाहीत, फक्त पेन्सिल. जुनी मृत्युपत्रं उशीवर ठेवून वाचायची, तान्ह्या बाळाला ठेवावं तशी. तिथल्या श्री. क्रॅब यांना मी आपला वंशवृक्ष मोठ्या अभिमानाने दाखवला. हवेलीचे मालक सर एडमंड स्नेलिंग, त्यांचा मुलगा थॉमस, बाप्तिस्मा १६७१, आणि तिथून थेट आपण.

त्यांनी चष्मा पुसला. "दफनांच्या नोंदी पाहिल्यात?"

"लग्नांच्या पाहिल्या. थॉमस स्नेलिंगचं लग्न १६९५ सालचं."

"लग्न नंतर. आधी मूल जगलं का ते बघायचं, बाई."

आत्या, मूल जगलं नव्हतं. सर एडमंडचा थॉमस अकराव्या दिवशी गेला. दफनाची नोंद बाप्तिस्म्यांच्याच वहीत होती, मागच्या बाजूला. मी मागची बाजू उघडलीच नव्हती. अकरा दिवसांच्या बाळाला मी तीनशे वर्षांचे वंशज चिकटवून ठेवले. क्रॅब म्हणाले, ही चूक सगळेच करतात, विशेषतः बाळाचे वडील 'सर' असले म्हणजे.

चूक माझी, आणि गावभर सांगून बसलीस तू. गावातल्या त्या बड्या मिसेस अटिंगकडे चहाला तू पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून बसलीस, असं तूच लिहिलं होतंस. तेच मला सारखं आठवतं. मी गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. मी क्रॅबना तसं विचारलंसुद्धा. ते म्हणाले, "बाकाला काही वाटणार नाही. तुम्हाला झोप लागेल का, एवढाच प्रश्न आहे." मला तीन रात्री लागलेली नाही.

आता आपला खरा थॉमस. गाव तेच, नाव तेच, फक्त माणूस दुसरा. त्याचं मृत्युपत्र मिळालं. धंदा मी क्रॅबकडून दोनदा वाचून घेतला. डुकरं खच्ची करणं. लिहिता येत नव्हतं, म्हणून सहीच्या जागी त्याने आपल्या सुरीचं चित्र काढलं आहे. सुरी छान आली आहे. ठिपक्यांची डुकरीण बायकोला, सुऱ्या आणि गावात शिरताना फुंकायचं शिंग मुलांना. मग शेवटी हे आहे: "बायबल माझी मुलगी ज्युडिथ हिला, कारण घरात वाचता येतं ते तिलाच. भावांनी ते तिच्याकडून काढून घेऊ नये."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. क्रॅबनी लगेच रुमाल पुढे केला. मृत्युपत्र भिजू नये म्हणून, असं म्हणाले.

मी कॉलेजला जाणार म्हटल्यावर बाबा काय म्हणाले होते, आठवतं? "पोरगा गॅरेजात राबतोय आणि हिला पुस्तकं हवीत." तू स्वयंपाकघरातून ओरडली होतीस, "तिच्या पुस्तकांना हात तर लाव, मग बघ."

म्हणून तरी तुझ्याशी खोटं बोलवत नाही. गुरुवारच्या आत सुताराला थांबव. मग माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल.

मागची बाजू न बघणारी तुझी,
रोझलिन

*

१३ मार्च, गुरुवार

प्रिय रोझ,

पत्र काल आलं. तू गुडघ्याची चौकशी केलीस तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे कळलं. एरवी विचारतेस कधी?

सुताराने अक्षरं पेन्सिलीने आखून ठेवली होती. म्हटलं, पुस.

मिसेस अटिंगला मीच जाऊन सांगितलं, दुसरीकडून कळायच्या आत. ती म्हणाली, "डुकरं?" मी म्हटलं, "हो. तुमच्याकडचीही त्यानेच केली असणार." मग तिने दुसरा कप विचारलाच नाही.

बाकावर आता फक्त अल्बर्ट स्नेलिंग, आणि खाली ती सुरी. तिचं चित्र नीट काढून पाठव. तुझा बाप म्हणतो, लोकांना वाटेल आपण खाटीक होतो. वाटू दे.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली, हे तुला माहीत आहे. आमच्या घरात पुस्तक आलं की भावांकडे जायचं.

त्या ज्युडिथचं पुढे काय झालं ते शोध. आणि या खेपेला आधी ती जगली का ते बघ.

पाठ टेकून वाट बघणारी,
तुझी मेव्हिस आत्या