ठळक अक्षरात महेश्वरी

४ फेब्रुवारी
नंदीशच्या छपाईच्या दुकानात दोन तास. पाय भरून आले. सुनेनं घरी ब्लाऊज शिवायला घेतलेत, तिच्यासाठी कार्ड. नंदीशनं केलं होतं काय — गुलाबाची वेल, सोनेरी रंग, चार तऱ्हेची अक्षरं आणि वर माझ्या मुलाचं नाव : विरेश लेडीज टेलर्स! मशीनवर बसतं कोण? सगळं काढायला लावलं. पांढरं कार्ड, काळी शाई, एकच फॉन्ट. मधोमध मोठ्या ठळक अक्षरात ‘महेश्वरी’. खाली बारीक, ‘ब्लाऊज शिवून मिळतील’ आणि तिचा नंबर. बस्स.

“काकू, एवढं मोकळं सोडता? पैसे तर पूर्ण कार्डाचे घेणार हाय मी!”

म्हटलं, बोलणारा थांबतो तेव्हाच लोक कान देतात.

“मग हे कार्ड हाय का सभेचा बॅनर?”

महेश्वरी हळूच म्हणाली, “आत्या, नाव बारीक असलं तरी चालंल. नंबर ह्यांचा टाका.” तिला तिथंच ऐकवलं. बाईनं नाव लपवू नये म्हणून तीस वर्षं गावोगाव घसा फोडते आहे. घरातच माघार घेऊ?

६ फेब्रुवारी
पाचशे कार्डं आली. देखणी! कळंबच्या बाजारात वाटली, तेरखेड्याच्या सभेत व्यासपीठावरसुद्धा.

९ फेब्रुवारी
सलग तिसरी सभा. दमले. आवाज बसला.

१३ फेब्रुवारी
दोन दिवस मशीनचा आवाज नाही. आज कळलं — महेश्वरीनं मोबाइल बंद करून डाळीच्या डब्यात ठेवलाय. पुरुषांचे फोन येतात. “मॅडम, आमचंबी माप घ्या की.” एक जण तर रोज करतो.

“मला न्हाय करायचं हे काम, आत्या.”

हाताला एवढं वळण आहे पोरीच्या! आणि विरेश म्हणतो, “आई, भाषण तुझं, फोन मात्र तिला.”

 

१४ फेब्रुवारी
तिला काय हवंय ते मी विचारलंच नव्हतं.

तिचा मोबाइल मागून घेतला. गिऱ्हाईक असलं तर तिला देते, दुसरं कोणी असलं तर मी आहेच. आज तिघांना असं झापलं की महेश्वरी तोंडाला पदर लावून हसत होती. दुपारी मशीन सुरू झालं.

१७ फेब्रुवारी
फोन उचलला. मी काही बोलायच्या आतच — “महेश्वरी, का गं ठेवतीस फोन? सासू सभेला गेली की सांग, येतो.”

हा आवाज मी माइकवर वर्षानुवर्षं ऐकलाय. आमच्या सभांचे अध्यक्ष.  फोन ठेवला.

महेश्वरीला विचारलं, तू ओळखलं होतंस?

“पहिल्याच दिवशी. तुमी त्यांना लई मानता, आत्या. म्हणून बोलले न्हाय.”